मातीची रजा

आमच्या कंपनीच्या परदेशी करारात एक रजा आहे. आजारपणाची रजा, सणाची रजा, आणि त्यांच्याखाली इंग्रजीत लिहिलेली ‘सॉइल लीव्ह’. म्हणजे मातीची रजा. पलीकडच्या कंपनीत कुणी नवा अधिकारी आला की तो हमखास विचारतो, “मॅडम, हे टायपिंगमध्ये चुकलंय का?” मी सांगते, “नाही, बरोबर आहे.” आमच्या वकिलांनीही शब्द बदलायचं सुचवून पाहिलं. मी त्यांना चहा पाजला आणि शब्द तसाच ठेवला.

कंपनी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काचेची इमारत येते. आमची बारामतीच्या एमआयडीसीत पत्र्याची शेड आहे. पुढे कडुलिंब, मागे लोखंडाचं भंगार आणि मधे आम्ही. काम व्हॉल्व्ह दुरुस्तीचं. व्हॉल्व्ह म्हणजे सोप्या भाषेत मोठा नळ. फरक इतकाच की याच्यामागे पाण्याऐवजी वाफ नाहीतर गॅस दबा धरून बसलेला असतो, आणि तो गळला तर खाली बादली ठेवून भागत नाही. नवरा हाडाचा फिटर. मी फलटणची, बी.कॉम. झालेली. लग्न करून आले तेव्हा शेडच्या ऑफिसात बसायला कुणी नव्हतं, म्हणून थोडे दिवस बसले. ते थोडे दिवस अजून संपलेले नाहीत.

सुरुवातीची सगळी वर्षं साखर कारखान्यांनी आम्हाला जेवायला घातलं. दिवाळीच्या आसपास गळीत हंगाम सुरू होतो, उन्हाळ्यात संपतो, आणि मग कारखाना बॉयलरपासून पंपापर्यंत सगळा उघडून बसतो. कारखान्याचं धुराडं गार पडलं की आमची चूल पेटायची. पावसाळाभर मान वर करायला उसंत नसायची. पुन्हा ऊसतोडीच्या टोळ्या आल्या, धूर दिसू लागला, की आमची माणसं रिकामी.

रिकामी माणसं थोडीच घरी बसतात! लासुर्णे, सणसर, इकडचेच सगळे. हिवाळ्यात कामाला चाकणला जायचे आणि ज्याचा हात चांगला तो तिकडेच राहून जायचा. व्हॉल्व्हची बैठक, म्हणजे झाकण टेकतं ती कडी, घासून आरशासारखी करायला माणूस तयार होतो तो वर्षं घालवून. म्हणजे शिजवायचं आम्ही आणि पंगत बसायची दुसऱ्याच्या दारात. दर उन्हाळ्यात कोण परत येतंय आणि कोण नाही, हे बघत मी ऑफिसच्या खिडकीशी बसायची. हिवाळ्याचं काम मिळालं नाही तर एक दिवस शेडला कुलूप लागेल, हे मला नवऱ्याच्या आधी कळलं होतं. त्यालाही कळलं असणार. पण पुरुष माणूस असं काही आधी बोलून दाखवत नाही, छताची गळती काढत बसतो.

अशात गुजरातेतल्या एका रिफायनरीच्या शटडाऊनला आम्हाला बोलावणं आलं. शटडाऊन म्हणजे आपल्या कारखान्यांसारखंच सगळं बंद करून, उघडून दुरुस्त करणं, फक्त घड्याळ लावून. आमच्या माणसांनी तिथे असं काम केलं की मुख्य ठेकेदार नवऱ्याला म्हणाला, “तुम्ही इथे काय करताय? बाहेर जा. तेलाच्या देशांत असल्या हातांना मागणी आहे.” तेव्हापासून आमच्या घरात जेवताना जगाचा नकाशा वाढला जाऊ लागला.

बाहेर जायचं, पण कुठे? सगळीकडे जायची आमची ऐपत नव्हती. एका देशात नोंदणी, तपासण्या, प्रमाणपत्रं आणि व्हिसा करता करताच आमच्यासारख्यांची कंबर मोडते. एकच देश निवडायचा आणि तो चुकला तर दुसरा निवडायला आम्ही उरणार नाही, असा मामला होता. म्हणून पुण्याचा एक सल्लागार बोलावला. चांगला माणूस. मी त्याला नावं ठेवणार नाही, कारण बाजार कसा बघायचा हे मी त्याच्याकडूनच शिकले. तिथे काम किती आहे, आपल्यासारखे किती जण आधीच बसलेत, परवाना कोण देतं, बिल वेळेवर निघतं का, स्थानिक भागीदार लागतो का. त्याने लॅपटॉपवर तक्ता मांडला, देशांना मार्क दिले, आणि पहिला नंबर आला कझाकस्तानचा. काम भरपूर, स्पर्धा थोडी, दर चांगला. आखाती देशांचे मार्क कापले गेले ते गर्दीमुळे. “तिथे तुम्ही शंभरातले एक,” तो म्हणाला. “इकडे पहिल्या पाचांत.”

नवऱ्याचे डोळे चमकले. गावाकडच्या माणसाला पहिल्या पाचांत म्हटलं की झालं! माझ्या मनात एक खडा होता. तिकडचा हिवाळा इतका कडक की शटडाऊन उन्हाळ्यातच निघतात, म्हणजे नेमके आपल्या कारखान्यांच्या वेळेला. मी तसं म्हटलं. सल्लागार म्हणाला, “मग कारखान्यांची कामं कमी करा.” नवऱ्याच्या डोळ्यांतली चमक थोडी विझली, पण नकाशा काही त्याने मिटला नाही.

सगळ्या माणसांना शेडमध्ये बोलावून तो तक्ता दाखवला. आमचे मिस्त्री मागे उभे होते. मिस्त्री लासुर्ण्याचे, नवऱ्याहून थोडे मोठे, पहिल्या दिवसापासून आमच्याबरोबर. बाकीचे फिटर कुठेही जायला तयार, पण मिस्त्री येणार असतील तर. मिस्त्री नाहीत तर टोळी नाही, टोळी नाही तर परदेश नाही, हे तक्त्यात कुठे लिहिलेलं नव्हतं, पण शेडमधल्या प्रत्येकाला पाठ होतं.

मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तितनं लासुर्ण्याला यायला किती येळ लागंल?”

सल्लागार म्हणाला, “साइटवरून विमानतळाचा रस्ता, मग दोन विमानं, हवा खराब असली तर थांबावं लागतं. दोन-तीन दिवस धरा.”

“मग माजं जमायचं न्हाय.”

“का पण?”

“आय हाय घरी,” मिस्त्री म्हणाले आणि कामाला लागले.

मला असा राग आला म्हणता! आई काय यांनाच आहे? आम्ही इथे जीव टाकतोय आणि हे तीन शब्द बोलून पाना हातात घेतात. घरी गेल्यावर मी भांडी जरा जास्तच आपटली. नवरा शांतपणे म्हणाला, “त्याला मातीला पोचायचंय गं.”

हा शब्द बाहेरच्यांना सांगावा लागतो. आमच्याकडे अंत्यसंस्काराला माती म्हणतात. देतात अग्नीच, पण शब्द माती. “मातीला गेलो होतो,” “मातीला फार माणूस होतं.” मिस्त्री एकुलते एक. वडील गेले तेव्हा ते लहान होते, आईने एकटीने वाढवलं. ती माउली आता थकली होती. तिच्या मातीला आपण नसलो तर, एवढा एकच हिशेब त्या माणसाने शेडमध्ये उभ्या उभ्या केला होता. माझा राग गेला, पण अडचण गेली नाही.

दुसऱ्या दिवशी मी इंदापूरला वन्संकडे गेले. वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. त्यांच्या केळीच्या बागा आहेत आणि केळी आखातात जातात. वन्संचा आवाज असा की फोन नसता तरी दुबईपर्यंत पोचला असता. पॅकहाउसमध्ये केळीच्या फण्या धुऊन खोक्यांत भरण्याचं काम चाललं होतं, बायका रांगेत उभ्या होत्या, आणि वन्सं मधे खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी त्यांना सगळा तक्ता सांगितला, मार्कांसकट.

“ह्ये मार्क कशाचं?” वन्संनी विचारलं.

“तिथे काम किती, दर किती, जायला परवाने किती, याचे.”

“म्हंजी समदं जायाचंच की गं!”

“मग?”

“अगं, माजी केळी गेली की गेली. परत आली तर मी बुडाले. तू काय केळी धाडतीस व्हय? तुजी माणसं हायत. ती परत यायची हायत. जायाचा रस्ता काय बघत बसलीस, यायाचा बघ.” मग जरा थांबून म्हणाल्या, “आन् आमाला न्हाय का गर्दी तितं? तरी खपत्यात केळी. माल चांगला असला की गर्दीतनं वाट निघती.”

वन्संचं आणि माझं फारसं पटत नाही. त्यांच्या मते मी भाजीत मीठ आणि बोलण्यात गोड कमी घालते. पण त्या दिवशी त्यांनी मला जे दिलं ते मी विसरलेले नाही, आणि येताना खोकंभर केळीही दिली ती वेगळीच. मी पुण्याला फोन लावला आणि सल्लागाराला म्हटलं, तक्त्यात अजून एक रकाना घाला, परत यायला किती वेळ. तो हसला नाही, याबद्दल त्याचे आभार. उलट म्हणाला, “हा आधीच असायला हवा होता.” मग त्याने स्वतःहून हंगामाचाही रकाना घातला. आखातात उन्हाळा भाजून काढणारा, म्हणून तिथली मोठी शटडाऊन बरीचशी हिवाळ्यात, म्हणजे आपली माणसं रिकामी असतात तेव्हा. दोन रकाने वाढले आणि ओमान खालून वर आलं. मस्कत ते मुंबई विमानाचा प्रवास तर बारामतीहून मुंबईला जाण्यापेक्षाही थोडक्यात आटपतो. कझाकस्तान खाली सरकलं. नवऱ्याने नकाशाची घडी घातली.

एवढं करूनही मिस्त्री हो म्हणेनात. “आयला इचारून सांगतो,” म्हणाले, आणि विचारायचं धाडस काही होईना. शेवटी नवरा आणि मी लासुर्ण्याला गेलो. मिस्त्रींच्या आई, आमच्या सगळ्यांच्या मावशी, दारात तांदूळ निवडत होत्या. मिस्त्री कोपऱ्यात उभे, शाळेत मास्तरांनी उभं केल्यासारखे. मी समजावून सांगितलं: हिवाळ्यातले काही महिने, पगार चांगला, विमानाने जायचं, विमानाने यायचं.

मावशींनी विचारलं, “सकाळी निगाला तर कवा पोचतोय?”

“रात्रीपर्यंत घरात,” नवरा म्हणाला.

“मग लांब कुठं हाय? माझं म्हायेर बी एका दिसाच्या वाटंवरच व्हतं, बैलगाडीनं.” मग लेकाकडे बघून म्हणाल्या, “जा की बाबा. जित्यापणी मला पाणी द्याया सून हाय. मेल्यावर तोंडात पाणी घालाया तेवडा तू ये, म्हंजी झालं.”

“आये, काय बी बोलतीस,” मिस्त्री म्हणाले.

“काय बी काय? खरं त्ये बोलले. पाणी लेकाच्याच हातचं पायजे मला,” म्हणाल्या आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या.

असा आमचा निर्यातीचा देश ठरला. लासुर्ण्यात, तांदूळ निवडता निवडता. मावशींचे उपकार मी कसे मोजू!

मिस्त्रींची एकच अट होती, की ही रजा कागदावर पाहिजे. बरोबरच होतं. शटडाऊनमध्ये माणूस मधेच सोडत नाहीत. मी करारात लिहायला घेतलं आणि ‘मृत्यू’ हा शब्द टाइप करणार इतक्यात नवऱ्याने माझा हात धरला. “पहिल्याच कागदावर मरणाचं नाव नको. आणि ते पण म्हातारी जिवंत असताना.” आमच्याकडे चांगल्या कामाच्या आरंभाला अभद्र बोलत नाहीत. दुकान बंद करायचं असलं तरी ‘वाढवायचं’ म्हणतात, तसंच. म्हटलं, मग काय लिहू? तो म्हणाला, “आपण म्हणतो तेच लिही. मातीची रजा.” मलाही कुठेतरी ते बरं वाटलं. मी लिहिलं, सॉइल लीव्ह, काम चालू असेल तरी मागताक्षणी मिळावी. आणि करार पाठवून दिला.

तिकडच्या कंपनीचा इंजिनिअर आमची शेड तपासायला आला. ओमानी, पन्नाशीचा, उंच, हळू बोलणारा. इंग्रजीशिवाय आमची दुसरी सामाईक भाषा नव्हती. त्याने यंत्रं बघितली, चाचणीचा बाक बघितला, मिस्त्रींनी घासलेली बैठक उजेडात धरून बराच वेळ बघितली आणि जपून जागेवर ठेवली. दुपारी त्याला जेवायला घरी नेताना वाटेत नीरेचा डावा कालवा लागतो. गाडी थांबवा, म्हणाला. खाली उतरून काठावर गेला. पलीकडे एक शेतकरी पायाने माती ओढून चारीचं तोंड उघडत होता, पाणी उसात वळवत होता.

“याची पाण्याची पाळी आहे?” इंजिनिअरने विचारलं.

त्याला हे कसं कळलं याचं मला नवल वाटलं. मग तो सांगू लागला. त्याचं गाव डोंगराच्या पायथ्याशी, खजुरीच्या बागांचं. डोंगरातून आणलेले जुने पाट आहेत, त्यांना ते फलज म्हणतात. प्रत्येक घराची पाण्याची वेळ वाडवडिलांपासून ठरलेली. “आपली पाळी आली आणि आपण पाटावर नसलो, तर पाणी पुढच्याच्या बागेत जातं. ते कुणासाठी थांबत नाही. माझे वडील सख्ख्या भावाच्या लग्नातून उठून पाटावर गेले होते.” आणि एकदम त्याचा चेहरा खुलला. “अच्छा! तुमची ती सॉइल लीव्ह. ती यासाठी आहे?”

मी तोंड उघडणार तोच नवरा म्हणाला, “येस येस येस.”

“ती मंजूर आहे,” इंजिनिअर म्हणाला. “पाळी आलेल्या माणसाला अडवायचं नसतं.”

घरी गेल्यावर स्वयंपाकघरात मी नवऱ्याला धारेवर धरलं. तो म्हणाला, “अगं, मिळाली ना रजा? आता त्याला पुरणपोळी वाढ.” मी वाढली. त्याने दोन खाल्ल्या आणि तिसरी रुमालात बांधून मागितली, विमानात खायला. माणूस आपल्यातलाच निघाला.

पहिला हिवाळा चांगला गेला. वाळवंटातल्या गॅसच्या प्लँटवर आमची लासुर्णे-सणसरची टोळी गेली, काम वेळेत झालं आणि सगळे परत आले. उन्हाळ्यात कारखाने बंद झाले तेव्हा खिडकीशी बसून वाट बघायची मला गरज पडली नाही. चाकणला गेलेले दोघं आपणहून विचारत आले, “वैनी, आमाला बी घ्या की.” त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली, आणि साखर ठेवताना कारखान्याचीही आठवण काढली.

दुसऱ्या हिवाळ्यात, मिस्त्री तिकडे असताना, मावशी गेल्या. दिवेलागणीला तुळशीपाशी बसल्या होत्या, सुनेने हाक मारली तर ओ दिली नाही. मिस्त्रींच्या बायकोचा पहिला फोन माझ्या नवऱ्याला आला, तिनेच लेकाला कळवायला सांगितलं. नवऱ्याने ओमानला फोन लावला, “मिस्त्री, आई गेली,” एवढंच म्हणाला.

नेमकी वेळ वाईट होती. दुसऱ्या दिवशी तिथे सेफ्टी व्हॉल्व्हची चाचणी होती, बाहेरचा तपासनीस येणार होता, आणि ती चाचणी घेण्याचं प्रमाणपत्र टोळीत एकट्या मिस्त्रींच्या नावावर. ते गेले तर प्लँट सुरू करणं पुढे ढकलावं लागणार. गॅसच्या प्लँटला असा उशीर म्हणजे काय, हे इतक्या वर्षांत मला कळतं. नवरा तिकिटाच्या मागे लागला आणि मी इंजिनिअरला फोन करायला घेतला. काय बोलायचं, किती गयावया करायची, हे मनात जुळवत होते, तोच मिस्त्रींचा फोन आला. “सायबांनी सोडलं. गाडीबी दिलीया. निगालोय.” मी म्हटलं, सुटलो. इंजिनिअरला सगळं सांगितलं असणार मिस्त्रींनी. गडबडीत मीही मग फोन केला नाही.

लासुर्ण्यात रात्रीची माती नको, लेक येईपर्यंत थांबायचं, असं जुन्या माणसांनी ठरवलं. सकाळी मी तिथेच होते. नवरा मिस्त्रींना आणायला मुंबईला गेला होता. अंगणात माणूस मावत नव्हतं. ऊन वर यायला लागलं तशी कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, किती थांबायचं? कुणी म्हणालं, पुतण्या आहे की, तो देईल पाणी. मिस्त्रींच्या बायकोने मान वर न करता सांगितलं, “आत्यांनी लेकाच्या हातचं मागितलंय.” मग पुतण्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. मी कितीदा फोन बघितला असेल! नवरा कळवत होता. घाट चढलो. पुणं सोडलं. पाटस. भिगवण. कळस. मला उगाच वाटत राहिलं की ओमानच्या जागी आम्ही दुसऱ्या देशावर बोट ठेवलं असतं, तर असल्या वेळी हा माणूस कुठल्या विमानतळावर अडकून बसला असता.

दुपार व्हायच्या आत गाडी आली. मिस्त्री उतरले ते साइटवरच्या बुटांत, निळ्या डगल्यात. कपडे बदलायलाही थांबले नव्हते. माणसांनी वाट करून दिली. दारातच बूट काढले, आईपाशी बसले. कुणीतरी तांब्या पुढे केला. त्यांनी तुळशीच्या पानाने आईच्या तोंडात पाणी घातलं. एक थेंबही बाहेर सांडला नाही. मग त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि तोंडावर डगला ओढून लहान मुलासारखे रडले. मीही रडले. सगळं मग रीतीप्रमाणे झालं.

सावडण्याच्या दिवशी रक्षा घेऊन आम्ही नरसिंहपूरला गेलो. नीरा आणि भीमा जिथे एकत्र होतात तिथे मिस्त्री गुडघाभर पाण्यात उतरले आणि आईला नदीच्या स्वाधीन केलं. वर येऊन पायरीवर उभे होते, अंगावरून पाणी निथळत होतं, तेव्हा माझा फोन वाजला. इंजिनिअर. मिस्त्रींचा फोन तिकडच्या सिमचा, म्हणून मला लावला होता. मिस्त्रींशी बोलायचंय, म्हणाला. त्यांचे हात ओले होते, मी आवाज मोठा करून फोन त्यांच्यापुढे धरला.

“माय फ्रेंड,” तो त्याच्या त्या सावकाश आवाजात म्हणाला, “पाणी वेळेत पोचलं का?”

मला क्षणभर काही कळलं नाही. आणि मग सगळंच कळलं. मिस्त्रींनी त्याला आईचं सांगितलंच नव्हतं. पुढे त्यांनी मला सांगितलं, “वैनी, त्यो शबुद त्वांडातनं निगंनाच. मी म्हटलं, सॉइल लीव्ह, सर. त्येवडंच.” आणि त्या माणसाने, उद्यावर चाचणी आलेली असताना, प्लँट थांबवून, वरच्यांची बोलणी खाऊन, गाडी देऊन आमच्या मिस्त्रींना सोडलं होतं ते एका उसाच्या पाण्याच्या पाळीसाठी. मरणासाठी कुणीही सोडतं. हा शेतासाठी सोडणारा होता.

मिस्त्री नदीकडे बघत होते. मी बोलायला तोंड उघडलं, पण त्यांनी मान हलवून मला थांबवलं.

“येस, सर,” ते म्हणाले. “वॉटर रीच्ड.”

“सगळं?”

“ऑल, सर. माय हँड.”

“अल्हम्दुलिल्लाह,” पलीकडून आवाज आला. “मग घाई करू नकोस. मातीचं काम पुरं कर आणि ये.”

मी फोन माझ्या कानाला लावला. खरं काय ते त्याला सांगावं असं फार वाटलं. पण मिस्त्री पुन्हा पाण्याकडे वळले होते, आणि माझ्या तोंडून नुसतं “थँक यू, थँक यू” इतकंच येत राहिलं. तो बिचारा म्हणाला, “मॅडम, एका पाळीसाठी इतके आभार?”